बाहेरच्या बाजूची मूठ

९ जानेवारी

धाकट्या,

सहा वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. विचारत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मला काय म्हणायचं होतं ते माझ्याच लक्षात राहत नाही. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

सरळ विचारतो. माझ्या मुलीला तू काय पढवून पाठवलंस?

ती तुझ्या कॉलेजात गेली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. हिशेबाचं शिकायला गेलेली पोरगी, तिला तुझ्या वर्गात बसायचं काय कारण? ती म्हणाली, कोणत्याही शाखेचं कुणीही बसू शकतं. मी म्हटलं, बस. काका आहे, शिकवेल चार गोष्टी. तेव्हा गप्प बसलो, ती माझी चूक.

शनिवारी ती घरी आली आणि पिशवी टाकून थेट दुकानात आली. मी एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होतो. स्टुलावर बसली, पाय हलवले, आणि म्हणाली, "बाबा, आजोबा गेले त्या खोलीच्या दाराची मूठ पितळेची होती ना?"

मुठीची गोष्ट तिला पाठ आहे, सगळ्या गल्लीला पाठ आहे. आप्पा गेले त्या संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातल्या खोलीच्या दाराची बाहेरची मूठ कुणीतरी काढून नेली. मी बाहेर आलो तर दाराला नुसतं भोक. गिऱ्हाईक बसलं की मी हे सांगतो. म्हणतो, बघा, माणूस आत शेवटचे श्वास घेतोय आणि हा बाहेर मूठ उपटतोय, अशी दुनिया आहे, तेव्हा चांगलं कुलूप घ्या. लोक हसतात आणि कुलूप घेतात.

"पितळेची होती. का?"

"टोकाला वळलेली? गोगलगायीसारखी?"

हे मी कधी सांगितलं असेन, नसेन. म्हटलं, "असेल. का?"

"मग तुम्ही आतून बोल्ट कशाला लावलात?"

माझी कानस थांबली. धाकट्या, बोल्टचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखंही नव्हतं. खोलीत मी आणि आप्पा, दोघंच होतो. आप्पा सांगायला राहिले नाहीत. मग तिला कुणी सांगितलं?

"कुणी सांगितलं तुला?" तर म्हणते, "ते सांगायचं नसतं. वर्गातलं वर्गात."

वर्गातलं! माझ्या बापाच्या मरणाचं तुझ्या वर्गात काय काम?

उत्तर दे.

दादा

२० जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. म्हणजे काहीतरी आहे.

तुझी वहिनी म्हणते, पत्र पोचायला वेळ लागत असेल. मी म्हटलं, संशय पोचायला लागत नाही. ती म्हणाली, "तुम्ही नमस्काराला हात जोडता तेव्हासुद्धा तुमचा एक डोळा उघडा असतो, देव निसटेल म्हणून." बोलू दे तिला. माझा धंदाच असा आहे. जो येतो तो म्हणतो, माझीच किल्ली हरवलीय, माझंच घर आहे. सगळे खरं बोलत असते तर कुलूप कशाला लागलं असतं?

तर मी तपास केला. पोरीला खोदून विचारलं. तिने वर्गाचं नियमात बसेल तेवढं सांगितलं. वर्गाचं नाव 'माणसाचे जुने प्रश्न'. शिकवायला एक नाही, चार जण, तेही एकाच वेळी. तू तत्त्वज्ञानाचा, एक मेंदूवाले सर, एक इतिहासाच्या बाई आणि एक कथा-कविता शिकवणाऱ्या बाई. सहा महिने एकच प्रश्न घोळायचा. यंदाचा प्रश्न, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला खरंच कळतं का.

मी म्हटलं, "एका रोग्याला चार डॉक्टर म्हणजे रोगी गेलाच."

पोरगी म्हणाली, "बाबा, ते बरं करायला बसलेलेच नाहीत. रोग आहे का तेच बघतायत."

तिच्या बोलण्यात मला तुझा आवाज ऐकू आला, खरं सांगतो. तुला आठवतं का, गुरुजींना तू विचारलं होतंस, तुम्हाला जो लाल दिसतो तोच मला दिसतो कशावरून? गुरुजींनी तुला बाकावर उभं केलं आणि मी हसलो म्हणून मलाही. तेव्हापासून सगळी शाळा तुला प्रश्नोबा म्हणायची. तू बाकावर उभ्या उभ्या मला म्हणालास, "दादा, त्यांना उत्तर येत नाही, म्हणून उभं केलं." तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं.

पण आता ऐक मला काय वाटतं ते. वर्गात म्हणे एक रीत आहे. ज्याने प्रश्न मांडायचा त्याने आधी स्वतःवर गुदरलेलं सांगायचं, नावगाव न घेता, आणि ऐकणाऱ्याने ते बाहेर न्यायचं नाही. म्हणजे तू काहीतरी सांगितलंस. बोल्टचं तुला कळलं कुठून? एकच वाट दिसते. त्या दवाखान्यातल्या सिस्टरला तू गाठलंस. तिने सांगितलं असेल की दार आतून बंद होतं, ठोठावावं लागलं. त्यावरून तू मनात रचलं असणार की थोरल्याने बापाला कोंडून घेतलं, डॉक्टरला वेळेवर आत येऊ दिलं नाही. हेच ना? आप्पांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं तू म्हणत होतास, मी नको म्हटलं, आणि आपलं वाजलं. तुझा तो राग अजून गेलेला नाही. आता तू मला पोटच्या पोरीसमोर उभं करायला निघालायस, बाकावर.

मी काय बोललो होतो ते मला आठवतं. "तू तुझ्या प्रश्नांपाशी राहा, आप्पांचं मी बघतो." हे माझ्या तोंडचे शब्द आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण दार बंद केलं म्हणून बाप गेला, असं जर तू चाळीस मुलांसमोर म्हणत असशील, तर ते खोटं आहे. तिथे माझ्यासोबत आणखी एक साक्षीदार होता. त्याच्यावर तुझा विश्वास नाही, म्हणून त्याचं नाव घेत नाही.

सहा तारखेला घरच्या माणसांना वर्गात येऊन बसता येतं म्हणे. मी येणार आहे. आणि पोरीचं नाव तुझ्या वर्गातून काढूनच परत जाणार आहे. तिने रडारड केली. म्हणाली, "बाबा, एवढा एकच तास असा असतो की मी घड्याळाकडे बघत नाही." तिची मान खाली होती. मला वाईट वाटलं, पण मी ठरवलंय.

दादा

६ फेब्रुवारी

धाकट्या,

तू मला पाहिलंस. मीही तुला पाहिलं. तू मान हलवली नाहीस, मीही नाही. केस पांढरे झालेत तुझे. आप्पांसारखे, कानापासून.

आधी ऑफिसच्या खिडकीवर गेलो होतो. नाव काढायचा अर्ज मागितला तर तिथला माणूस म्हणाला, मुलीची सही लागेल, नुसत्या वडिलांची चालत नाही. मग म्हटलं, आलोच आहे तर बघून जाऊ, काय विष देतात ते.

शेवटच्या बाकावर बसलो. मला वाटलं होतं, तुम्ही चौघं एक सूर धरून मुलांना काहीतरी पाजत असाल. तुमचं तर आपसातच जमत नाही! मेंदूवाले सर म्हणाले, दुसऱ्याला टोचलेली सुई बघूनसुद्धा आपल्याला थोडं दुखतं, म्हणजे कळायची सोय आत आहे. इतिहासाच्या बाई लगेच म्हणाल्या, "सोय असेल हो, पण मग इतकी माणसं एकमेकांना मारत कशी सुटली?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, गोष्टीतल्या माणसाचं मन कळतं, कारण ते कुणीतरी लिहिलेलं असतं. शेजाऱ्याचं कुणी लिहून ठेवत नाही. मला हे पटलं. ते तुझ्या वर्गात पटलं, याचाच राग आला.

मग तो पुढच्या बाकावरचा दाढीवाला मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, एवढं डोकं कशाला खाजवायचं? सरळ विचारून टाकायचं की!" सगळे हसले. तू हसला नाहीस. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून तू वर काहीतरी ठेवलं होतंस. ते उचललंस आणि नुसतं हातात धरून उभा राहिलास.

पितळेची मूठ. टोकाला गोगलगायीसारखी वळलेली. तिची जोडीदारीण मी आतल्या बाजूने कितीतरी दिवस बघत बसलो होतो. आप्पांचे डोळे मिटले की बघायला दुसरं होतंच काय त्या खोलीत?

मी उठून बाहेर आलो. पोरगी मागून फाटकापर्यंत धावत आली.

"ओळखलीत ना?"

"चोरीचा माल ओळखायला मला वेळ लागत नाही."

"बाबा, चोर माल कुठे ठेवतो, कपाटात की टेबलावर?"

मी खिशातला कोरा अर्ज चाचपला. मग ती म्हणाली, "मी नियम मोडला. सरांनी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. पण मूठ हातात आली असं ते म्हणाले, आणि मला तुमची दुकानातली गोष्ट आठवली. तुमच्या गोष्टीत बाहेर चोर आहे आणि सरांच्या गोष्टीत आत..." एवढं बोलून ती थांबली. आत कोण आहे, ते सांगेना. तिला शंभरदा विचारलं. म्हणाली, "त्यांनाच विचारा. तो दाढीवाला बरोबर बोलला."

म्हणून विचारतो. सिस्टरवर घेतलेला संशय मी मागे घेतला. आता तुझ्यावर आहे, आणि तो आधीपेक्षा मोठा आहे. तू त्या दारापाशी आला होतास. सहा वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलोय की धाकटा आला नाही, दुसऱ्या दिवशी पाहुण्यासारखा आला, लांब उभा राहिला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. तू हे कधी खोडून का काढलं नाहीस? दारापर्यंत येऊन बापाला न बघता जाणारा माणूस कसा असतो? आणि मूठ कशाला नेलीस?

आणखी एक. माझी मुलगी समोर बसलेली आहे हे माहीत असताना तू ती गोष्ट सांगितलीस. ती घरी नेईल हे तुला कळत होतं की नव्हतं? खरं लिही. अर्ज माझ्या खिशात आहे. तुझं उत्तर बघून पोरीपुढे ठेवीन किंवा फाडीन.

दादा

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. दुकानात वाचलं, मग शटर ओढून घेऊन पुन्हा वाचलं. एवढं शिकलास, पण अक्षर अजून गुरुजींनी बाकावर उभं करावं असंच आहे. तुझ्याच ओळी पुन्हा लिहितो, मी बरोबर वाचल्या का ते बघ.

'दादा, मी दुपारीच आलो होतो. आत तू आप्पांच्या कानाशी देवाचं नाव घेत होतास, ते बाहेर ऐकू येत होतं. त्यात मी शिरावं की नाही कळेना. मी मूठ धरत होतो आणि सोडत होतो. असं किती वेळा झालं, माहीत नाही. शेवटी धीर करून मूठ दाबली. तेवढ्यात तुझा आवाज थांबला, पावलं जवळ आली, आणि मला वाटलं दार उघडतंय. तू बोल्ट सरकवलास. मी हात काढायला गेलो तर मूठ हातातच आली. ती तशीच घेऊन गेलो. तुझ्याशी परत बोलायला जाईन असं वाटलं की ती बघायचो आणि थांबायचो. आणि हो, ती वर्गात बसली होती म्हणूनच सांगितलं. मला दुसरं दार माहीत नव्हतं.'

शेवटचं वाक्य वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझा निम्मा संशय तरी खरा निघाला.

आता दाराच्या आत काय झालं ते ऐक. मी चाळीस मुलांसमोर सांगणार नाही, तुलाच सांगतो.

त्या दाराची खिट्टी झिजलेली होती. पहिल्या दिवसापासून मी सिस्टरना म्हणत होतो, बदला, नाहीतर मी बदलतो. त्या म्हणाल्या, आमचा माणूस आहे. कुणी बाहेरून गेलं की दार हलायचं. त्या दुपारी ते फार वाजायला लागलं. थोडं वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं. आप्पा सकाळपासून बोलत नव्हते. मी नाव घेत होतो आणि दर वेळी दार वाजलं की माझं चित्त उडत होतं. मला वाटलं, काय हा वारा! मी उठलो आणि बोल्ट लावला. झालं एवढंच. दाराशी कुणी आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुझं येणं, आपलं भांडण, त्यातलं त्या क्षणी काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. हे तुला खरं कसं वाटावं, मला माहीत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. मी तुझ्या जागी असतो तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

पण काल शटर ओढून बसलो आणि ती दुपार डोळ्यांपुढे आणली. खिडकी उघडी होती. खिडकीबाहेर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. त्या चादरी हलत नव्हत्या, धाकट्या. एकही नाही. वारा नव्हताच. मी साऱ्या दुनियेवर संशय घेतला, सिस्टरवर घेतला, मूठ नेली म्हणून तिथल्या झाडूवाल्यावर घेतला, तुझ्यावर घेतला. वाऱ्यावर तेवढा घेतला नाही.

अजून एक राहिलं. हे लिहू की नको, असं रात्र गेल्यावर सकाळीही वाटत होतं. नमस्काराला बसलो तेव्हा दोन्ही डोळे मिटले, आणि मग वाटलं, लिहावं.

मी उठायच्या आधी आप्पांनी हात उचलला होता. सकाळपासून न हललेला हात त्यांनी दाराच्या दिशेने केला. बोटं अशी जराशी हलवली. मला वाटलं, त्यांनाही आवाजाचा त्रास होतोय. म्हणताहेत, दार लाव. मी म्हटलं, "लावतो हं, आप्पा." आणि लावलं. परत येऊन बसलो तोवर हात खाली गेला होता.

त्यांना तुझी पावलं ऐकू आली होती का? दाराची ती चाळवाचाळव कुणाच्या हाताची आहे, हे बापाला कळत असेल का? लहानपणी तू उशिरा आलास की तुझ्या कडी हलवण्यावरून ते ओळखायचे आणि म्हणायचे, "प्रश्नोबा आले, उघडा." त्या दिवशी ते लाव म्हणत होते की उघड म्हणत होते? मी त्यांच्याजवळ बसलो होतो, त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. तरी मला सांगता येत नाही. तुम्ही चौघं सहा महिने बसलात तरी तुम्हालाही येणार नाही. ज्याला माहीत आहे त्याला मी विचारतो रोज. तो बोलत नाही, हे तू शाळेत असल्यापासून मला सांगत आलायस. पण विचारण्याने मला दिवस काढता येतो, हे माझं तुला सांगणं.

अर्ज फाडला. पोरीला म्हटलं, जा, बस त्या वर्गात. ती म्हणाली, "आता तर मला घड्याळ दिसणारच नाही." आणि गळ्यात पडली. तुझी वहिनी म्हणाली, "चला, घरात एक तरी कुलूप उघडलं." तिला बोलायला निमित्तच लागतं.

दादा

२२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

तू पोरीबरोबर निरोप पाठवलास की आज येईन, वेळ सांगता येत नाही. वेळ सांगायला काय झालं होतं? की तू येणारच नाहीस? मनात आलं, ते लिहून टाकलं. हे पत्र टाकणार नाही. तू आलास की हातात देईन, कारण समोर आलास की मला बोलता येणार नाही.

मूठ आणलीस तर आण, नाहीतर राहू दे टेबलावर, कागद उडतील.

सकाळपासून दाराचा बोल्ट काढून ठेवलाय. कडीही नाही. गल्लीतले दोघं जण डोकावून गेले, म्हणाले, तुमच्या घराचं दार उघडं आहे, काही बिघडलंय का? मी म्हटलं, बिघडलेलं दुरुस्त करतोय. तुझी वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती.

आज वारा आहे. आपल्या दोरीवरच्या चादरी हलताहेत, मी आधी बघून घेतलं. दार सारखं वाजतंय, आणि दर वेळी मी उठून बघतोय.

दादा